अंगावर उठलेलं पित्त आणि आमसुलाची वाटी

मार्गशीर्षातली पहाट. दिंडोरीच्या मळ्यातून परतले आणि पंचवटीतल्या घरी हातपाय धुतले, तर मनगटापासून कोपरापर्यंत लालसर गांधी उठलेल्या. कडा उचललेल्या, मध्ये फिकट, खाज अशी की कातडी सोलून काढावीशी वाटावी. सासूबाईंनी काही न विचारता स्टीलच्या वाटीत चार आमसुलं भिजत घातली. पाणी जांभळट लाल झालं, तसं सुती फडक्याने हलकेच लावलं. जळजळ बरीच थांबली.

पण आठवड्यात तीनदा तेच. तेव्हा वैद्य ताईंकडे गेले. यालाच आयुर्वेदात शीतपित्त म्हणतात. गार वाऱ्याने कफ आणि वात बिघडतात, ते पित्तात मिसळून त्वचेवर येतात, असं त्यांनी समजावलं. रात्रीचं दही, दूध-केळ्याचं शिकरण आणि लोणची बंद. हरिद्राखंड, म्हणजे हळदीचं आयुर्वेदिक औषध, कोमट पाण्यातून दोन वेळा, गुळवेलीचा काढा, आणि भल्या पहाटे गार पाण्याने अंघोळ नाही. शिकरण सोडणं मला सगळ्यात जड गेलं.

ताईंनी एक गोष्ट मात्र दोनदा बजावली: ओठ किंवा जीभ सुजली, श्वास लागला, तर काढ्याची वाट न पाहता थेट दवाखाना. ॲलर्जीची गोळीही मनाने सोडायची नाही. त्या असं स्पष्ट बोलल्या म्हणूनच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

दीड महिना झाला. गांधी आता क्वचितच उठतात, पण आमसुलाची वाटी ओट्यावर असतेच.