याची सम कधी?

शनिवार, रात्री

आत्याला सकाळच्या बेंगळुरूच्या विमानात बसवून दिलं. एरवी सांताक्रूझला जायचं म्हणजे अर्धा दिवस मोडायचा, आज पोहे खाऊन निघालो तरी वेळेत. उलव्यात राहायला आलो तेव्हा या नवी मुंबई विमानतळाच्या जागी टेकडी फोडायचं काम चालू होतं. आधी भोंगा, मग सुरुंगाचा धप्प आवाज, मग आमच्या खिडकीच्या काचा. कोंबडभुजे, तरघर, चिंचपाडा, गणेशपुरी ही गावं तेव्हाच उठली. २०२५ च्या डिसेंबरात विमानं सुरू झाली आणि लोक अजून हौसेनं सोडायला येतात. एक मुलगा जाणार आणि पोचवायला अख्खं घर, आजी व्हीलचेअरवर. दारापाशी त्याची आई बॅगेची चेन उघडून लाडवांचा डबा कपड्यांच्या मधोमध सरकवत होती, आणि तो 'आई, बास ना' म्हणत इकडेतिकडे बघत होता.

दार उघडलं की आतली उद्घोषणा बाहेर सांडायची, बंद झालं की तुटायची. मधे कसलं तरी संगीत होतं. कसलं, ते आता आठवत नाही. घरी येऊन ब्रायन इनो या ब्रिटिश संगीतकाराचा 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' हा अल्बम लावला. १९७८ सालचा. ऐकला पूर्वीही होता, पण विमानतळावरून परत येऊन कधी नव्हता.

या अल्बमची गोष्ट जर्मनीतल्या कोलोन विमानतळावर सुरू होते. सत्तरच्या दशकाचा मध्य, रविवारची सकाळ, इनो विमानाची वाट बघत बसलेला. इमारत देखणी. (ती पाउल श्नायडर-एस्लेबेन या वास्तुविशारदाची. क्राफ्टवर्क या इलेक्ट्रॉनिक बँडमधल्या फ्लोरियान श्नायडरचे हे वडील. असले योगायोग मला फार आवडतात, त्यातून काही सिद्ध होत नसलं तरी.) पण स्पीकरवर जे वाजत होतं ते भिकार. इनोचं म्हणणं असं की विमानतळावरचं गोडगोड संगीत 'काही होणार नाही हं तुम्हाला' असं सांगत राहतं, आणि त्यानंच माणूस जास्त घाबरतो. त्यापेक्षा मरणाची शक्यता सोबत घेऊन शांत बसता येईल असं काहीतरी वाजावं. आमच्याकडे दवाखान्यात बासरीवर जुनी हिंदी गाणी लावतात तेव्हा मला नेमकं हेच होतं. इतकं गोड वाजतंय म्हणजे रिपोर्ट वाईट असणार.

मग त्यानं अटी घातल्या, अगदी कारागिरासारख्या. मधेच उद्घोषणा आली तरी बिघडू नये. माणसं ज्या पट्टीत बोलतात त्या पट्टीत वाजू नये. बोलण्याच्या वेगानंही चालू नये. आणि लक्ष दिलं तर ऐकण्यासारखं, नाही दिलं तरी चालेल असं असावं. शेवटची अट सगळ्यात अवघड. दुर्लक्ष करावं असं संगीत ढीगभर मिळतं. दुर्लक्ष केल्यावर पुन्हा तिथंच परत यावंसं वाटेल असं क्वचित.

याची थोडी चाहूल त्याला १९७५ मध्ये लागली होती. टॅक्सीची धडक बसून तो अंथरुणावर पडलेला. मैत्रिणीनं जुन्या हार्पवादनाची रेकॉर्ड आणून दिली. ती लावून तो कसाबसा परत आडवा झाला आणि मग कळलं की आवाज फार बारीक आहे, एक स्पीकर तर बंदच. उठायचं त्राण नाही. बाहेर पाऊस, आणि पावसातून मधूनच वर येणारे हार्पचे चारदोन सूर. त्याच वर्षी त्याचा 'डिस्क्रीट म्युझिक' आला.

रविवार

आज बाबांनी ऐकलं. बाबा ठाण्यात होते तोवर भजनी मंडळात तंबोऱ्यावर बसायचे. जवारीत दोरा सरकवून सूर खुलेपर्यंत कुणाशी बोलायचे नाहीत. पहिला तुकडा १७ मिनिटांचा, बराचसा पियानो, तेच ते वळसे. बाबांनी पेपर बाजूला ठेवला.

"तंबोरा लागलाय खरा. पण गवई कुठाय?"

मी म्हटलं, गवई नाहीच आहे.

"मग एवढं लावून ठेवलंय कुणासाठी?"

मी त्यांना अटी सांगितल्या. बोलण्याची पट्टी मोकळी सोडली आहे ती उद्घोषणेसाठी, लोकांच्या बोलण्यासाठी, रडणाऱ्या पोरासाठी. गवयाची जागा आहे, गवई ठरलेला नाही. बाबा 'हं' म्हणाले. पटलं की 'हं', नाही पटलं तरी 'हं'.

हा पियानोचा तुकडा तर मुद्दाम रचलेलाही नाही. स्टुडिओत चार वादक सहज वाजवत होते, एकमेकांचं धड ऐकू न येता. नंतर टेप ऐकताना इनोला एक छोटीशी जागा सापडली, जिथं दोन पियानो नकळत एकमेकांत गुंफले गेले होते. तेवढीच कापून त्यानं लूप केली, म्हणजे तीच ती फिरून वाजत राहील अशी, आणि निम्म्या वेगानं चालवली. त्यातला एक पियानो रॉबर्ट वायट या इंग्लिश संगीतकाराचा.

दुसऱ्या तुकड्यात नुसते आवाज, बहुतेक बायकांचे, प्रत्येक सूर एकच एक लांबवलेला 'आ'. तो लागल्यावर बाबा सावरून बसले, आणि थोड्या वेळानं बोटं मांडीवर आपटायला लागली.

"याची सम कधी?"

प्रश्न बरोबर होता. तालाचं आवर्तन फिरून जिथं परत येतं ती सम, आणि इथं ती सापडतच नव्हती. प्रत्येक सुराची टेप वेगळ्या लांबीची, टोकाला टोक चिकटवून फिरती ठेवलेली. ती इतकी लांब की कॉनी प्लांक या जर्मन ध्वनिमुद्रकाच्या स्टुडिओतल्या ॲल्युमिनियमच्या खुर्च्यांभोवती वेढे देऊन फिरवावी लागली. इनोनं तीन लांब्या अंदाजानं सांगितल्या आहेत: एक सूर साडेतेवीस सेकंदांनी परत येतो, दुसरा २५ पूर्णांक ७/८ सेकंदांनी, तिसरा २९ पूर्णांक १५/१६. शाळेतला लसावि काढायला बसले. सगळ्यांचे सोळांश केले: ३७६, ४१४, ४७९. शेवटची मूळ संख्या, तिथंच सगळं अडतं. तिघं एकदा एकत्र निघाले तर पुन्हा एकत्र यायला २३ लाख ३० हजार सेकंद लागतात, म्हणजे जवळजवळ २७ दिवस. तेही टेप जराही न ताणता. आणि तुकडा संपतो नऊ मिनिटांच्या आत.

"सत्तावीस दिवसांनी," मी सांगितलं.

बाबांनी चष्मा काढला. "मग ताल नाहीच हा. नक्षत्रं आहेत."

सोमवार

हे संगीत १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या ला गार्डिया विमानतळाच्या एका टर्मिनलमध्ये खरंच लावलं होतं. आपल्याकडे लावावं का, यावर आज कामाच्या मधे विचार केला. मला नाही वाटत. इनोच्या डोक्यातला प्रवासी एकटा आहे, मरणाच्या गोष्टी स्वतःशी करणारा. आपला प्रवासी आत शिरेपर्यंत काचेतून हात हलवत असतो, आणि शिरल्यावर फोनवर 'झालं हो चेकिंग' सांगत असतो. तो कितपत ऐकणार? पण निरोप देऊन परत निघालेली माणसं जिथं गाडीची वाट बघत उभी असतात, त्या बाहेरच्या पट्ट्यात दुसरा तुकडा चालेल. तिथं सगळेच जरा गप्प असतात.

चौथा तुकडा मात्र मला लागत नाही. नुसता एआरपी कंपनीचा सिंथेसायझर, ना पियानो, ना माणसाचा आवाज. तिथं जागा इतकी मोकळी आहे की कुणी येईल असं वाटतच नाही. मी तो गाळून परत पहिल्यावर जाते. बाबांनी आज स्वतःहून विचारलं, ते बायकांचं लाव ना. लावलं, आणि कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ते पेपर वाचत बसले.