कोलोआ साखर गिरणी, 1:10 प्रतिकृती : लाटांचा टप्पा

चरकाचा सांगाडा उभा आहे, आता लाटा, म्हणजे ऊस पिळणारे रूळ. ज्यांनी ही मालिका मधूनच धरली त्यांच्यासाठी थोडक्यात: हवाईतल्या कवाई बेटावर कोलोआ इथे लॅड अँड कंपनीने 1835 मध्ये राजा तिसरा कामेहामेहा याच्याकडून 980 एकर जमीन 50 वर्षांच्या पट्ट्याने घेतली, खंड वर्षाला 300 डॉलर. देखरेख विल्यम हूपरची. मजुरी रोज साडेबारा सेंट, तीही कंपनीच्याच दुकानात चालणाऱ्या चिठ्ठ्यांत. ऊस रुजला, पण गिरणी अडली ती लाकडी लाटांवर. त्या लवकर झिजल्या आणि लोखंडी आणाव्या लागल्या.

म्हणून प्रतिकृतीत लाटांचे दोन संच, अदलाबदल करता येणारे. रचना त्या काळच्या तीन उभ्या लाटांच्या चरकाची: मधली फिरते आणि दोन्ही बाजूंच्या लाटांना फिरवते. एका बाजूने ऊस आत, दुसऱ्या फटीतून चिपाड परत.

लाकडी संच बाभळीचा. ओंडक्याचा गाभा मधोमध ठेवून कातलं की लाट वाळताना उभी तडकते. गाभा टाळला तर रसाने फुगते, पण सगळीकडे सारखी नाही: वर्तुळांच्या दिशेने जास्त, त्यांना आडवी कमी. गोल लाट लंबगोल होते, फट प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला उघडते-मिटते आणि चिपाडात रस राहतो. तेल पाजल्याने फुगणं लांबतं, थांबत नाही.

दुसरा संच पितळी. लाटांना जोडणारी दातेरी चाकं मॉड्यूल 2 (दाताच्या आकाराचं माप), 20 दात, म्हणजे पिच व्यास (दात एकमेकांत बसतात त्या वर्तुळाचा व्यास) 2 × 20 = 40 मिमी. शिरायची फट मोठी आणि निघायची लहान हवी, म्हणून लाटा सरकवायचा मोह होतो. तो टाळा, कारण केंद्रांतर (शेजारच्या दोन लाटांच्या मध्यांमधलं अंतर) 40 च्या खाली गेलं की दात अडकतात. केंद्रांतर दोन्हीकडे 40.1 ठेवायचं आणि फरक व्यासात करायचा: मधली व पहिली लाट 39 मिमी, तिसरी 40.2. फटी मिळतात 1.1 आणि 0.5 मिमी. तिसरीचा पृष्ठवेग किंचित वाढतो, त्याने चिपाड ओढलंच जातं.

लाटांवर उभ्या खाचा 0.3 मिमी खोल. गुळगुळीत लाट ऊस पकडत नाही, निसटवते. चाचणीला साल काढलेल्या उसाच्या 3 मिमी जाड चिरफळ्या, ताज्या तोडीच्या. शिळ्या उसात साखरेचं विघटन होतं, मग पाक कितीही आटवला तरी दाणा धरत नाही, मळीच वाढते.

पुढे चुलवण, म्हणजे रस आटवायची भट्टी: एका ओळीत चार काहिली, सर्वांत लहान थेट जाळावर, मोठी धुराड्याकडे. रस मोठीत पडतो, चुन्याची निवळी घालून वर आलेला मळ काढतात आणि आटत जाईल तसा लहानीकडे ओततात. चुना जास्त झाला की साखर काळवंडते. धुराडं 1841 च्या गिरणीचं, दगडी. ते आजही कोलोआत उभं आहे, त्यामुळे तेवढा भाग छायाचित्रांवरून मोजता येतो.