तुम्ही विचारलंत म्हणून: ग्रुपवर काहीच का टाकत नाही?

मुक्ताईनगरात भेटेल तो हेच विचारतो, की काका तुम्ही एवढं वाचता, कीर्तनं ऐकता, मग ग्रुपवर रोज एखादी ओवी तरी टाकत जा ना.

अहो पण टाकणारे कमी आहेत का? सकाळी फोन उघडला की उगवता सूर्य, खाली अभंगाची ओळ (बरेचदा भलत्याच संताच्या नावावर), मग दीड तासाचं कीर्तन, मग गीतेची पीडीएफ. आमच्या लहानपणी गल्लीत ज्ञानेश्वरीची एकच प्रत होती, ती मागून आणायची आणि परत द्यायला गेलं की त्या घरातली आजी दारातच धरायची, "तुले काय समजनं ते सांग." त्या धाकानं तरी नीट वाचलं जायचं. आता ९,००० च्या वर ओव्या खिशात आहेत, विचारणारी आजी नाही.

आणि आपल्या मुक्ताईचंच बघा ना. ज्ञानेश्वर चिडून दार लावून बसले तेव्हा तिने ताटीचे ४२ अभंग म्हटले, ते कोणासाठी, तर दाराआडच्या आपल्या भावासाठी. चांगदेवांनी कोरं पत्र धाडलं, त्याला ज्ञानेश्वरांचं ६५ ओव्यांचं उत्तर गेलं, तेही त्यांच्या एकट्यासाठी. त्यांचं देऊळ इथे जवळच, तापी-पूर्णेच्या संगमावर, तिथे सेल्फी काढणाऱ्यांना हे कोणी सांगतं की नाही देव जाणे. बहिणाबाई तर शेतात, जात्यावर गात राहिल्या, लिहिता येत नव्हतं, घरच्यांनी उतरवून ठेवलं म्हणून १९५२ ला पुस्तक निघालं, तेही त्या गेल्यावर.

फोन वाईट असं नाही हं, भाचा पुण्यात ट्रॅफिकमध्ये कीर्तन ऐकतो, ऐकू दे. पण मागे शेजारच्या ताईंचे मिस्टर गेले, ग्रुपवर ओळीनं ॐ शांती पडले, मीही टाकणार होतो, मग म्हटलं जाऊनच बसू. काय बोलावं सुचेना. थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या हरिपाठ म्हणू या का, मग म्हटला, मधे त्यांच्या सुनेनं चहा आणला, दोन अभंग माझे चुकले ते ताईंनी सांगितले.

म्हणून टाकत नाही. कुणाला एखादी ओवी अडली असेल, किंवा नुसतं सोबत वाचायचं असेल, तर घरी या, सातनंतर, त्याआधी दुकान असतं.