चौकाखालचे टाके

अहमदाबाद, मार्चचा तिसरा आठवडा, रात्र

सकाळी आठ वाजता काळूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून ‘हेरिटेज वॉक’ला निघालो आणि गल्ल्यागल्ल्यांतून चालत जामा मशिदीपाशी पोहोचलो. अहमदशहाने १४११ साली वसवलेले हे शहर २०१७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. हा मान मिळालेले ते भारतातील पहिले शहर. या जुन्या भागातील पोळ म्हणजे एका दरवाजाआडची वस्ती. आत चिंचोळी, वळणावळणाची गल्ली, दोन्ही बाजूंना कोरीव लाकडी खांब आणि तुळयांची घरे, पुढे ओटा आणि मधूनच खांबावर उभारलेला पक्ष्यांसाठीचा चबुतरा. लांबेश्वरच्या पोळमध्ये कवी दलपतराम यांच्या घराच्या जागी ओट्यावर त्यांचा पुतळा बसलेला आहे, जणू ते येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायलाच बसले आहेत.

एका घरातील आजींनी आम्हाला आत बोलावले. चौकातील एक जड झाकण बाजूला करून त्यांनी खालचे टाके दाखवले. गच्चीवर पडणारा पाऊस नळीवाटे या भूमिगत टाक्यात उतरतो. पहिल्या सरींचे पाणी सोडून द्यायचे आणि गच्ची धुऊन निघाल्यावरच टाके भरू द्यायचे, ही रीत त्यांनी फार आपुलकीने समजावून सांगितली. गल्लीत ऊन पोहोचत नाही, चौकातून हवा खेळती राहते आणि पायाखाली वर्षभराचे पाणी साठलेले असते. त्या घराने उन्हाळ्याचा विचार आपल्या आधीच करून ठेवला आहे, असे मला तिथे उभा असताना वाटले. आजींचा मुलगा मात्र नदीपलीकडे फ्लॅटमध्ये राहतो आणि त्याचे कारणही मला पटले, कारण पोळपर्यंत मोटार येत नाही, लाकूडकामाची दुरुस्ती परवडत नाही आणि शेजारच्या दोन घरांची तर गोदामे झाली आहेत.

दुपारी पश्चिमेकडे गेलो. १८९२ चा एलिस पूल आता वाहनांना बंद आहे. त्याच्या दोन्ही अंगांनी नवे पूल वाहतात. साबरमतीच्या काठी सिमेंटचे लांबच लांब पदपथ झाले आहेत आणि पात्र काठोकाठ भरलेले दिसते, पण ते पाणी नर्मदेच्या कालव्यातून आणून वासणा बंधाऱ्याने अडवलेले आहे. पुढे सरखेज–गांधीनगर महामार्गाच्या दिशेने काचेच्या इमारतींची रांग लागते. तिथे चालणारा माणूस मला जवळजवळ दिसला नाही. रस्त्यावरून दारापर्यंत पोहोचण्यापूर्वीच उन्हाने जीव घाबरा झाला, आणि आत शिरल्यावर यंत्राच्या गारव्याने अंगावर काटा आला.

तरीही नव्याला उन्हाची जाण नसते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. आश्रम रोडवरील गिरणीमालकांच्या संघटनेची इमारत ल कॉर्बुझिए यांनी बांधली, ती १९५४ मध्ये पूर्ण झाली. तिच्या पश्चिमेकडील काँक्रीटच्या उभ्या फळ्या अशा तिरक्या बसवल्या आहेत की उतरते ऊन अडते आणि वारा मात्र आत येतो. त्या फळ्यांच्या सावलीत मी बराच वेळ उभा राहिलो आणि मला सकाळची गल्ली आठवली. सिमेंटचे काम, परदेशी वास्तुकार, वय जेमतेम सत्तर वर्षे, पण तिची समज त्या पोळच्या घराशी नाते सांगणारी होती. महामार्गावरच्या काचेच्या भिंती पाहून वाईट वाटले ते त्यामुळेच; हे ज्ञान दोन्ही काठांवर, अगदी हाताशी असताना ते वापरावेसे कोणाला वाटले नाही.

रात्री खोलीवर बाटलीतले पाणी पिताना आमच्या पुण्यातील वाडा सारखा डोळ्यांसमोर येत आहे. कात्रजच्या तलावातून नळाने पेठांमध्ये पाणी येई आणि आमच्याही अंगणात त्या पाण्याचा एक हौद होता, असे लहानपणी ऐकले होते. वाडा पाडून इमारत उभी राहिली, तेव्हा तो बुजवला गेला. उद्या सकाळी आईला फोन करून विचारणार आहे, तो हौद नेमका कुठे होता.