ठिणगीचा दोष की कॅमचा?

पूर्ण खोलून नव्याने बांधलेले चार सिलिंडरचे, कार्ब्युरेटरचे इंजिन सुरू झाले खरे. पण पिकअप नव्हता, ॲक्सिलरेटर दाबताच कार्ब्युरेटरमधून फाटफाट आवाज येई आणि डिस्ट्रिब्युटर (प्लगना पाळीपाळीने ठिणगी पोहोचवणारा भाग) ॲडव्हान्सकडे, म्हणजे ठिणगी लवकर पडेल अशा दिशेने, फिरवला की थोडा फरक पडे. ठिणगी उशिरा पडते हे त्यावरून उघड होते. मात्र डिस्ट्रिब्युटर तो फिरवण्यासाठी असलेल्या खाचेच्या टोकाला टेकला तरी इंजिन मंदच राहिले, तेव्हा मूळ दोष इग्निशनमध्ये नसावा अशी शंका मला आली.

फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पडण्याचा क्रम, १-३-४-२ प्रमाणे बरोबर होती. क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) पुलीच्या बाहेरचे कडे रबरावरून सरकले असेल तर तिच्यावरची टीडीसीची, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असल्याची, खूण फसवते, म्हणून पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या जागी पिस्टन-स्टॉप (पिस्टनला अडवणारी दांडी) बसवून क्रँक हाताने दोन्ही बाजूंनी हलकेच टेकवला आणि दोन थांब्यांचा मध्य काढला. खूण खरी निघाली.

कॉम्प्रेशन चारही सिलिंडरमध्ये सारखे, पण कमी होते. रिंग किंवा व्हॉल्व्ह गळत असते तर लीकडाऊन चाचणीत (सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून गळती पाहतात ती) हवा निसटली असती. तीही फारशी निसटत नव्हती. सगळे सिलिंडर नीट बंद होत असूनही दाब कमी, याचा अर्थ इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटत असावा आणि आत आलेले मिश्रण काही अंशी परत ढकलले जात असावे. माझ्या मते संपूर्ण तपासातला हाच सर्वांत बोलका पुरावा होता.

एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी, पिस्टन टीडीसीला असताना, या कॅमवर (व्हॉल्व्हची उघडझाप करणाऱ्या दांड्यावर) दोन्ही व्हॉल्व्ह जवळपास सारखेच उघडे असायला हवे होते. डायल गेजने (सूक्ष्म हालचाल मोजणाऱ्या मापकाने) पाहिले, तर एक्झॉस्ट बराच उघडा आणि इनटेक जेमतेम उघडू लागलेला. कॅम मागे होता. ३६ दातांच्या कॅम स्प्रॉकेटवर (चेनच्या दातेरी चाकावर) एक दात म्हणजे कॅमचे १० अंश आणि, कॅम निम्म्या वेगाने फिरत असल्यामुळे, क्रँकचे २० अंश. डिस्ट्रिब्युटर कॅमवरूनच चालत असल्याने ठिणगीही तेवढीच मागे पडली होती. डिस्ट्रिब्युटर फिरवून ठिणगी सावरता येत होती, व्हॉल्व्ह नव्हे.

चेन एक दात सरकवली, चेन ताणून धरणारा टेन्शनर बसवला आणि व्हॉल्व्ह पिस्टनला आपटत नाहीत याची खात्री करण्यासाठी स्टार्टर न वापरता क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवला. त्यानंतर डिस्ट्रिब्युटर खाचेच्या मध्यावरच जुळला आणि व्हॅक्युम नळी काढून, तिचे तोंड बंद करून टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) लावला, तेव्हा आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन मंद चालताना, खूण ठरलेल्या अंशावर स्थिर दिसली.