७४६ की ७९४ सेकंद?

व्ही१२२३ सॅजिटॅरी ही चुंबकीय श्वेत बटू (मेलेल्या ताऱ्याचा दाट गाभा) आणि त्याला वायू पुरवणारा सोबती तारा यांची जोडी. तिच्या क्ष-किरण नोंदींचा पॉवर स्पेक्ट्रम (कोणती लय किती ठळक, ते दाखवणारा आलेख) पडद्यावर आला आणि ७४६ सेकंदांवरचं शिखर लगेच नजरेत भरलं. याच जोडीच्या दृश्य प्रकाशात मात्र ७९४ सेकंदांची लय जास्त ठळक दिसते. लयी दोन्ही खऱ्याच, पण श्वेत बटूचं स्वतःभोवतीचं परिवलन ७४६ चं.

हिशेब असा. जोडीचा कक्षीय काळ ३.३७ तास, म्हणजे सुमारे १२,१२० सेकंद. १/७४५.६ मधून १/१२,१२० वजा केले की १/७९४.५ उरतात. क्ष-किरण थेट चुंबकीय ध्रुवावरच्या तप्त स्तंभातून निघतात. तेच किरण सोबतच्या ताऱ्यावर किंवा बटूभोवतीच्या वायूच्या तबकडीच्या फुगवट्यावर पडून दृश्य प्रकाश म्हणून परततात, तेव्हा तो भागही कक्षेत पुढे सरकत असतो. म्हणून ही लय संथ.

दोन शिखरं सुटी दिसायला निरीक्षण जोडीच्या किमान एका फेरीपेक्षा लांब हवं. आम्ही बारा तासांखाली समाधान मानत नाही. पृथ्वीजवळच्या कक्षेतला उपग्रह दर ९५ मिनिटांनी ताऱ्याला मुकतो. त्या खंडांमुळे ६६० आणि ८५८ सेकंदांच्या आसपास खोटी शिखरं उगवतात, ती आधीच ओळखून ठेवावी लागतात. फोटॉनच्या वेळा सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्राला आणणंही अटळ. एका रात्रीत फरक कळत नाही, पण जुन्या नोंदींशी लयीचा टप्पा जुळवताना पृथ्वीच्या सूर्याभोवती फिरण्याने येणारी सुमारे ५०० सेकंदांची ओढाताण ७४६ च्या लयीचं वाटोळं करते.

मग प्रकाशवक्र (वेळेनुसार तेजाचा आलेख) ७४६ सेकंदांवर फोल्ड केला, म्हणजे ७४६ सेकंदांचे तुकडे एकावर एक ठेवले. २ केईव्हीखाली (केईव्ही म्हणजे हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट, किरणांच्या ऊर्जेचं एकक) खळगा खोल, ४ केईव्हीच्या वर उथळ. हे पाहायला मला आजही फार आवडतं, कारण ध्रुवाकडे कोसळणाऱ्या वायूचा पडदा कमी ऊर्जेचे मऊ किरण गिळतो आणि जास्त ऊर्जेचे कठीण किरण सोडतो, हे त्या दोन वक्रांत उघड दिसतं.

वर्णपटात लोहाच्या तीन रेषा आल्या: ६.७ आणि ६.९७ केईव्हीच्या तप्त वायूतून, ६.४ ची थंड पदार्थावरून. या ६.४ कडे दुर्लक्ष करू नये. ती बटूच्या पृष्ठभागावरून होणाऱ्या परावर्तनाचीही खूण असते. मॉडेलमध्ये परावर्तन घेतलं नाही, तर १० केईव्हीच्या वरचा जादा प्रकाश तप्त वायूच्या तापमानाच्या खात्यावर पडतो, तापमान फुगतं आणि त्यावरून काढलेलं बटूचं वस्तुमानही.