दोन पिवळ्या रेघा
आज शुक्रवार. म्हापशाच्या बाजारात स्कूटर लावायला जागा शोधत तिसरी फेरी मारत होते, तेवढ्यात इंग्लंडमधल्या स्विंडनहून भाच्याचा व्हिडिओ कॉल. त्याच्या गाडीच्या काचेवर वायपरखाली दंडाचं पिवळं पाकीट. "मावशी, सत्तर पौंड! पाटी कुठेच नव्हती गं!"

पाटी नसणारच. तिथे रस्त्याच्या कडेला दोन पिवळ्या रेघा असल्या की गाडी कधीच उभी करायची नाही, त्याला वेगळी पाटी लागत नाही. एकच रेघ असेल तर जवळच्या पाटीवर वेळा लिहिलेल्या असतात. आणि कडेच्या दगडावर छोटे पिवळे पट्टे दिसले तर सामान चढवण्या-उतरवण्यावरही बंधन. मी हे सांगतेय तर साहेब म्हणतात, "तुला कसं माहीत?" अरे, दोन वर्षांपूर्वी तुझ्या आईकडे आले होते तेव्हा तुझ्या बाबांनी भरला होता की दंड!

१४ दिवसांत भरला तर निम्मा, म्हणजे ३५. हे ऐकून चेहरा जरा खुलला. मी लगेच गुणाकार करून रुपये सांगितले, तर पुन्हा पडला. (चूक माझीच.)

स्कूटर शेवटी एका नारळवालीच्या शेजारी लावली. तिने दंड म्हणून दोन नारळ घ्यायला लावले. सवलत नाही.